स्थळ क्रमांक सात

माझं घर याआधी तीनदा जागा बदलून आलंय. आजोबांनी एकदा हलवलं, वडिलांनी एकदा, आणि माझ्या नवऱ्याने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एकदा. तेव्हा मी पोटुशी होते, आणि बैलगाडीच्या मागून दिवाणखान्याचा आरसा छातीशी धरून चालत होते. आरसा दुसऱ्या कोणाच्या हातात द्यावा इतका माझा कोणावर विश्वास नव्हता. आजही नाही.

आमच्या गिटन्स बेला, बार्बाडोसच्या या किनाऱ्यावर, जुनं घर म्हणजे हे असंच. पाइनच्या फळ्या, पत्र्याचं उतरतं छप्पर, मधोमध दार, दोन अंगांना दोन खिडक्या. पाया म्हणाल तर एकावर एक नुसते ठेवलेले दगड. चुना नाही, सिमेंट नाही. जमीन मळेवाल्याची, घर आपलं. मळेवाल्याचं डोकं फिरलं की तो म्हणायचा, शनिवारपर्यंत जागा मोकळी कर. मग शेजारीपाजारी हातोड्या घेऊन यायचे, भिंती सुट्या करायचे, गाडीवर रचायचे, आणि सूर्य समुद्रात बुडायच्या आत घर दुसरीकडे उभं. गुलामगिरी सुटली तेव्हा माझ्या पणजीचे पाय मोकळे झाले, पण ते टेकवायला कोणी वीतभर जमीन दिली नाही. मग तिने घरालाच पाय लावले.

तेव्हा घर हलवणं ही माझ्या लेखी भांडी घासण्याइतकी साधी गोष्ट. आणि तीच मला नीट जमली नाही. एका पितळी पाटीपायी. ती पाटी कोणी माझ्यावर लादली असती तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मी मोकळी झाले असते. पण ती मीच मागून घेतली होती. भांडून.

झालं असं की कंबरबॅच मास्तरांनी गावाची पुस्तिका काढली. हे मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण आम्हाला शिकवायचं काही थांबले नाहीत. पुस्तिकेचं नाव 'गिटन्स बे : इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळे'. पर्यटकांनी एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात ही पुस्तिका धरून गावभर हिंडावं अशी कल्पना. पहिल्याच पानावर लिहिलंय की अमुक साली पहिलं जहाज आलं आणि त्यातून 'वसाहतकरी व इतर' उतरले. ते 'इतर' म्हणजे आम्ही. उतरले म्हणे! जसे काही शिडी लावून, टोपी सावरत उतरलो.

पुढे यादी. एक, किल्ल्यावरच्या दोन तोफा. त्यांतून कधी गोळा सुटला नाही, सुटली ती फक्त गंजाची खपली. दोन, चर्च. तीन, जुना धक्का. चार, मासळीबाजार. पाच, किनाऱ्यावरचं ते झाड, ज्याच्याखाली पावसात उभं राहिलं तर अंगाला फोड येतात. आणि सहा? सहाव्या क्रमांकावर व्हर्नेटा बॉइसचं घर!

व्हर्नेटा माझी शेजारीण. तिच्या दारापासून माझं दार बारा पावलं. आम्ही एका बाकावर शिकलो, एकाच वर्षी शाळा सोडली आणि पन्नास वर्षं एकमेकींच्या वाळत घातलेल्या चादरी मोजतोय. तिच्या घराचं ऐतिहासिक महत्त्व काय, तर म्हणे कुठल्याशा राजघराण्यातली बाई एकदा पावसाच्या सरीत तिच्या पडवीत थांबली होती. थांबली होती हे खरं. मी पाहिलंय. तीन मिनिटं. आणि त्यातली दोन तिने माझ्या घराकडे बघण्यात घालवली.

मी तडक मास्तरांकडे गेले.

"गुड मॉर्निंग, मास्तर. तब्येत बरी? बायको बरी? मग हे सहा नंबरला काय आहे?"

"मिस ऑर्लीन, यादी आता पूर्ण झाली. छापायला गेलीय."

"छापायला गेली म्हणजे देवाघरी गेली का? परत बोलवा."

"असं करता येत नाही हो. समिती आहे, ठराव आहे..."

"समितीत कोण आहे? तुम्ही, पाद्रीबाबा, आणि तो मासळीबाजारवाला होल्डर. तिघांच्याही बारशाचं जेवण माझ्या आईने केलंय. तुमचं तर दोनदा केलं, पहिल्या वेळी तुम्ही आजारी पडलात म्हणून."

आठ दिवसांत समिती माझ्या दारात. फळ्यांवरून हात फिरवले, पत्रा वाजवून पाहिला, टेप लावून दार मोजलं. मास्तर डोळे मिटून म्हणाले, "बार्बाडोसभर हिंडलो, मिस ऑर्लीन. हलवता येण्याजोग्या घराचा इतका अस्सल नमुना दुसरा नाही." हे त्यांनी मोठ्याने म्हणावं म्हणून मी खिडकी उघडी ठेवली होती. व्हर्नेटा कुंपणाशी उभी राहून एकाच टोमॅटोच्या रोपाला दहा मिनिटं पाणी घालत होती.

मग त्यांनी कागद पुढे केला. बारीक टायपात, दोन्ही बाजूंनी. चष्मा आत होता, चार पावलांवर. पण व्हर्नेटा बघत होती, आणि मला चष्म्याशिवाय अक्षर लागत नाही हे तिच्यासमोर दाखवण्यापेक्षा मी फाशीच्या हुकमावर सही केली असती. जवळजवळ तेच केलं.

पुढचे सात महिने मात्र मी राणीसारखी जगले. दाराशेजारी पितळी पाटी: 'स्थळ क्रमांक सात. हलवता येण्याजोग्या लाकडी घराचा उत्कृष्ट नमुना.' दर बुधवारी हॉटेलांची बस यायची. गुलाबी भाजलेली माणसं उतरायची. एकीने तर सरळ आत येऊन माझ्या भांड्यावरचं झाकण उचललं आणि विचारलं, "हे खरंच शिजतंय?" मी म्हटलं, "नाही बाई, मातीचं आहे. खाऊन बघ." तिने खाल्लं. उडत्या माशांचं कालवण होतं. दोनदा मागून घेतलं. आणि एवढं सगळं व्हर्नेटाच्या दारावरून, तिच्या नव्या कुंड्यांना वळसा घालून! त्या महिन्यांत मला झोप कशी छान लागायची.

मग पत्र आलं.

मळेवाल्याचा नातू लंडनला असतो. त्याने किनाऱ्याकडची सगळी पट्टी एका हॉटेलला विकली. तीन महिन्यांत जागा मोकळी करावी. व्हर्नेटाचं घर गाडीवाटेच्या पलीकडे, दुसऱ्या मालकाच्या जमिनीवर. तिला पत्र नाही. त्या दिवशी ती माझ्याकडे बशीभर नारळाचा पाव घेऊन आली. ती मला खायला आणते म्हणजे माझं काय झालंय ते सगळ्या गावाला कळलंय असं समजावं.

माझी मुलगी मोरीन दोन मैल आत, टेकडीवर राहते. सिमेंटचं घर, वर पाण्याची टाकी, दारात कुत्रा. तिचा फोन आला.

"मम्मी, आमच्याकडे ये. मागची खोली रिकामीच आहे."

"मी खोलीत ठेवायची वस्तू आहे का? मी येईन ती माझ्या घरासकट येईन. मागच्या अंगणात जागा आहे ना?"

"अगं, अंगणात घर?"

"घर अंगणात नाही, अंगण घराभोवती. आणि ऐक, मी त्या घरात जन्मले. तुझाही जन्म त्यातच. मला न्यायला येतील तेही त्याच दारातून. दार टेकडीवर असलं तरी चालेल, पण दार तेच पाहिजे."

मोरीन म्हणाली, बरं. ती माझीच मुलगी, तिला कळतं कुठे थांबायचं. माझं मागणं तेवढंच होतं: माझं छप्पर, आणि त्याखाली मी. समुद्र सोडायला मी तयार झाले होते. पहाटेची समुद्रातली आंघोळ, जी मी बाळंतपणाचे दिवस सोडले तर कधी चुकवली नाही, तीही सोडायला तयार झाले होते. बाई एवढं सोडायला निघाली म्हटल्यावर बाकीचं निदान सुरळीत व्हावं की नाही?

डार्नली वीक्स सुताराला बोलावलं. घर हलवायची विद्या ज्याच्या हातात आहे असा हा गावातला शेवटचा माणूस. सुट्टीचा सोमवार ठरला. सगळ्यांना निरोप गेले, हातोडी घेऊन या, जेवायला कुकू आहे. कुकूसाठी मक्याचं पीठ भिजलं, त्यात घालायची भेंडी चिरली, रमच्या बाटल्या आल्या. आणि शनिवारी मास्तर आले. गळ्यात टाय. आमच्याकडे शनिवारी टाय घालून फक्त वाईट बातमी येते.

"मिस ऑर्लीन, घर हलवता येणार नाही."

"का? जड आहे?"

"तुम्ही सही केलेल्या कागदावर नववं कलम आहे. यादीतली वास्तू मूळ स्थानावरून हलवणं हा गुन्हा आहे."

"मास्तर, पाटीवर काय लिहिलंय? वाचा मोठ्याने."

"हलवता येण्याजोग्या..."

"हं. मग?"

"हलवता येण्याजोगं आहे हेच तर त्याचं महत्त्व, मिस ऑर्लीन. हलवलं की ते जातं."

हा माणूस चाळीस वर्षं मुलांना शिकवत होता. आता आमची तरणी मंडळी अशी का निघाली याचा उलगडा झाला.

सोमवार पुढे ढकलला. भिजवलेलं पीठ शिजवून सगळ्या आळीने खाल्लं. मंगळवारी मी टोपी घातली, हातमोजे घातले, आणि बस पकडून राजधानीत गेले. तिथे जुन्या वास्तू जपणारं एक खातं आहे. त्याचं नाव घेत नाही. घेतलं तर ते आणखी एक फॉर्म पाठवतील. खिडकीत बसलेल्या पोरीने गुड मॉर्निंग म्हटलं नाही. मी म्हटलं. तिने मान वर केली नाही. मी पुन्हा म्हटलं. आपल्या बेटावर माणूस मेला तरी आधी गुड मॉर्निंग म्हणतो आणि मग बातमी सांगतो. तिसऱ्यांदा मी इतक्या मोठ्याने म्हटलं की आतल्या साहेबांनी उत्तर दिलं. त्यामुळे एक झालं, मी थेट साहेबांपुढे जाऊन बसले.

साहेब सज्जन होता. सज्जन साहेबाशी भांडता येत नाही, ही त्यांची युक्ती असते.

"वास्तू हलवायला परवानगी मिळते की," तो म्हणाला. "जमीनमालकाची संमती लागेल."

"जमीनमालक मला हाकलतोय. त्याची संमती ओसंडून वाहतेय."

"छान. पण स्थलांतर मूळ परिसराच्या आतच करावं लागतं. म्हणजे त्याच जमिनीवर."

"म्हणजे ज्या जमिनीवरून काढलं त्याच जमिनीवर ठेवायचं?"

"नियम तसा आहे."

"साहेब, हे घर आधी तीनदा हललंय. त्याचं मूळ स्थान कुठलं धरायचं?"

तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडला. त्याने पेन खाली ठेवलं. "तीनदा? याची नोंद आहे का कुठे?"

"नोंद कसली? मी त्याच्या मागून चालले होते."

"कारण तसं असेल तर पाटीच चुकीच्या जागी लागली असं होईल. मग चौकशी. चौकशीला दीड वर्ष. तोवर घराला कोणी खिळासुद्धा लावायचा नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "तुम्ही हे बोलला नाहीत, मी ऐकलं नाही."

परत येताना बसमध्ये उभी राहून आले. कोणी जागा देत नव्हतं असं नाही. बसले असते तर रडले असते, आणि टोपी घालून रडणं मला शोभत नाही.

दुसऱ्या दिवशी हॉटेलचा मॅनेजर आला. कोवळा, इस्त्रीचा, मधात बुडवलेला आवाज. त्याने गुड मॉर्निंग म्हटलं, खुशाली विचारली, म्हणून त्याला खुर्ची दिली.

"आजी, तुम्ही उगाच काळजी करता. घर आहे तिथेच राहू दे ना. आम्ही जपू. भोवती बाग करू, दिवे लावू. तुम्ही हवं तेव्हा येऊन बघा."

"बघायला येऊ? माझं घर?"

"आणि आठवड्यातून दोन सकाळी तुम्ही दारात बसलात तर पाहुण्यांना फार आवडेल."

"दारात बसून काय करू?"

"काही नाही," तो म्हणाला. "नुसतं असायचं."

त्याला प्यायला म्हणून मॉबीचं कडू सरबत दिलं होतं, ते मी त्याच्या हातातून परत घेतलं. अर्धा पेला उरला होता.

आता सल्ले. सल्ले द्यायला गाव कधी मागे हटलेलं नाही. पाद्रीबाबा म्हणाले, प्रार्थना करा. होल्डर म्हणाला, पेटवून द्या आणि वीज पडली सांगा. मोरीनचा नवरा एल्रिक म्हणाला, सोडून द्या, तसंही आमच्या अंगणात ते कोंबड्यांच्या खुराड्यासारखं दिसेल. त्याचं नाव मी मृत्युपत्रातून काढलं. मृत्युपत्र केलेलं नाही, पण करीन तेव्हा नसेल. व्हर्नेटा कुंपणावरून म्हणाली, "पाटी काढ आणि माझ्या घराला लाव. मी सांभाळते."

"तुला एक पुरत नाही का गं?"

"मला पुरते. तुलाच ती जड झालीय."

तिने हे टोमण्याच्या सुरात म्हटलं, पण नंतर बराच वेळ कुंपणाशी उभी राहिली. टोमॅटोला पाणी न घालता.

अखेर तोडगा काढला तो डार्नलीने. तो तीन दिवस घराभोवती फिरला, आणि चौथ्या दिवशी म्हणाला, "मिस ऑर्लीन, कायदा कोणाला चिकटलाय? पाटीला. पाटी कशावर आहे? एका फळीवर. ती एक फळी ठेवून बाकीचं घर नेऊ. कोणी विचारलं तर सांगायचं, स्थळ क्रमांक सात जागच्या जागी आहे, थोडं बारीक झालंय."

मला हसू आलं. महिन्याभरात पहिल्यांदा.

पुढच्या रविवारी, सगळं गाव चर्चमधून सुटलं तसं थेट माझ्याकडे आलं. तीसेक माणसं, अठरा हातोड्या, एक लॉरी. पण डार्नलीचा चेहरा मी पाहिला आणि समजले. या तिसांतल्या चोवीस जणांनी जन्मात घर हलवलं नव्हतं. सिमेंटच्या घरांत वाढलेली पिढी. अशा घराची भिंत अख्खी काढायची असते, चौकटीसकट, आधी कोपऱ्याचे खांब मोकळे करून. यांनी टरबूज फोडावं तशी एकेक फळी उपटायला सुरुवात केली. डार्नली ओरडत होता, "अरे भिंत काढा, भिंत! फळी नका काढू, माकडांनो!" पण रम आधी वाटली गेली होती. ती चूक माझी.

मग तो खडू घेऊन धावला. निघेल त्या फळीवर आकडा टाकायचा, म्हणजे वर नेऊन त्याच क्रमाने लावता येईल. चौऱ्याऐंशीपर्यंत आकडे गेले आणि समुद्राकडून सर आली. पाचच मिनिटांची. चौऱ्याऐंशी फळ्या धुऊन स्वच्छ. डार्नली हातात खडूचा तुकडा घेऊन उभा राहिला, त्याच्या बोटांतून पांढरं पाणी गळत होतं.

पण खरी गोष्ट खडूची नव्हतीच. होल्डरने दक्षिणेकडची एक फळी ओढली आणि ती त्याच्या हातात वाकली. मग मोडली. मग तिचा भुगा झाला, पिवळट, पिठासारखा. त्याने दुसरी धरली. तीही तशीच. सगळे थांबले. डार्नलीने माझ्याकडे न बघता बोटाच्या पेराने एकेक फळी वाजवायला सुरुवात केली, डॉक्टर छाती वाजवतो तशी. बहुतेक ठिकाणी आवाजच येत नव्हता.

दर नाताळला मी त्या घराला रंगाचा एक हात देत आले. आतली जमीन घासायची, पडदे नवे, आणि रंग. व्हर्नेटाने निळा दिला की माझा जास्त निळा. माझं घर फळ्यांवर उभं नव्हतंच, रंगावर उभं होतं. आतलं लाकूड केव्हाच निघून गेलं होतं. रंगाला कोणी कळवलं नव्हतं.

तेवढ्यात मास्तर आले. टाय, वही, पेन. गुन्हा घडताना नोंदवायला. छत्री मिटून ते त्या भुग्याकडे बघत राहिले.

"लिहा, मास्तर," मी म्हटलं. "वास्तू हलवली. लिहा ना."

त्यांनी टोपी काढली. वही कोटाच्या खिशात टाकली. मग त्या टायवाल्या माणसाने खिडकीची एक चौकट उचलली आणि लॉरीपर्यंत नेली. परत आले, दुसरी नेली. एकदाही मला शुद्ध भाषेत काही समजावलं नाही. त्यांच्यावरचा सगळा राग मी जपून ठेवला होता, तो आता कुठे ठेवावा कळेना.

टेकडीवर मोरीनच्या अंगणात डार्नलीने फळ्यांचे दोन ढीग केले. चांगल्या आणि गेलेल्या. गेलेल्यांचा ढीग माझ्या खांद्याएवढा झाला. चांगल्यांचा गुडघ्याएवढा. दुपार उतरली तेव्हा तो माझ्याजवळ येऊन बसला.

"मिस ऑर्लीन, सहा बाय आठ निघेल."

"वार?"

"फूट."

"उभं राहील?"

"उभं राहील. हे लाकूड खरं आहे."

"दार?"

"दार शाबूत आहे. दार आणि एक खिडकी."

"मग बांध."

मोरीन म्हणाली, "मम्मी, आठ फुटांत माणूस राहतं का?" मी म्हटलं, "याहून कमी जागेत सगळेच राहणार आहेत पुढेमागे. मी सवय करते." तिला रडू फुटलं. मला तिला हसवायचं होतं. माझं हे असं होतं कधीकधी.

तर आता मी सहा बाय आठमध्ये आहे. पलंग आत गेला की मी दारात, मी आत गेले की पाय पलंगावर. डोकं एका भिंतीला, तळवे दुसरीला. कपाट मोरीनच्या घरात, भांडी मोरीनच्या घरात, आरसासुद्धा तिच्या दिवाणखान्यात. एल्रिक त्यात बघून दाढी करतो. समुद्र इथून दिसत नाही. ऐकूही येत नाही. पहाटे सवयीने उठते, टॉवेल खांद्यावर घेते, आणि मग नळाखाली तोंड धुते.

पण दाराला आतून कडी आहे. ती मी लावते. एल्रिक बाहेर उभा राहून विचारतो, "मम्मी, येऊ का?" आणि मी म्हणते, "थांब जरा." थांबायचं कारण काही नसतं.

खात्याचा कोणी तपासनीस खाली येऊन गेला म्हणे. हॉटेलच्या नव्या बागेत एका खांबाला ठोकलेली फळी आणि तिच्यावरची पाटी त्याने पाहिली, आणि अहवालात लिहिलं: स्थळ क्रमांक सात मूळ जागी, स्थिती उत्तम. बुधवारची बस अजून येते. माणसं त्या फळीचा फोटो काढतात. मास्तरांनी हे मला येऊन सांगितलं. हसत नव्हते.

मागच्या आठवड्यात भर दुपारी दारावर टकटक झाली. कडी काढली तर व्हर्नेटा. दोन मैल, तोही चढ, त्यात तिचे गुडघे दुखरे. घामाने तिचा रविवारचा झगा पाठीला चिकटला होता. आत दोघींना जागा नाही, म्हणून ती पायरीवर बसली, मी पलंगावर.

"छान आहे," ती म्हणाली.

"खोटं बोलू नकोस."

"बरं. लहान आहे."

मी पाणी दिलं. ती प्यायली आणि मग तिने पर्समधून एक घडी केलेला कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. मी चष्मा लावला. तिच्यासमोर. हॉटेलने गाडीवाटेपलीकडची जमीनही घेतली होती. तीन महिने.

माझ्याकडे बोलायला किती काय होतं! पन्नास वर्षं मी असल्या दिवसाची वाट बघत होते. आणि मी त्या कागदावरची अक्षरं पुन्हा पुन्हा वाचत बसले.

"डार्नली येणार आहे शनिवारी," ती म्हणाली. "फळ्या वाजवून बघायला."

"मीही दरवर्षी रंगच दिला, व्हर्नेटा."

"मी पण. तुझ्यापेक्षा एक हात जास्त."

आम्ही मोरीनच्या कुत्र्याकडे बघत बसलो. तो आमच्याकडे बघत होता. मग तिने हात वर करून माझ्या भिंतीच्या फळीवर पेर वाजवलं, डार्नली वाजवतो तसं. खणखणीत आवाज आला. तिने दुसरी वाजवली. तिसरी. ती मनात काहीतरी मोजत होती आणि काय मोजत होती ते मला कळत होतं, कारण पाणी देतानाच मी तेच मोजलं होतं. तिचं आणि माझं मिळून एक पुरं घर झालं असतं. दोन खोल्यांचं, दोन खिडक्यांचं.

"मी घोरते," ती एकदम म्हणाली.

"ठाऊक आहे. बारा पावलांवरून ऐकू यायचं."

एवढंच. ऊन उतरल्यावर ती उठली, झगा सारखा केला, आणि मागे वळून न बघता टेकडी उतरली. बोलवायचं मी, की विचारायचं तिने? जागा माझ्या मुलीची, फळ्या बहुधा जास्त तिच्या निघणार. मी बोलावलं तर ती म्हणेल मी दया केली. तिने विचारलं तर मी काय म्हणेन ते मलाच ठाऊक आहे, आणि तिलाही.

काल मी डार्नलीला निरोप पाठवला: शनिवारी तिच्या फळ्या वाजवशील तेव्हा चांगल्या फळ्यांचा आकडा आधी मला कळव, तिला नंतर. त्याचा उलट निरोप आला की माझ्या चांगल्या फळ्या किती निघाल्या, हे तिनेही त्याला गुपचूप विचारलंय. आता तीन महिने आहेत. आम्हा दोघींचे स्वभाव पाहता कमीच पडतील.